मोटरहोमच्या भिंतीचे थर सुटले : उत्पादकाकडून दुरुस्ती कशी मिळवली

एकाच प्रकारच्या तक्रारींत पुन्हा पुन्हा दिसणारे मुद्दे इथे एका गाडीवर आणून मांडले आहेत. त्यामुळे उत्पादक, डीलर आणि मालक यांची नावे नाहीत.

गाडी सात मीटर लांबीची. चॅसिस, इंजिन आणि ड्रायव्हरची केबिन एका कंपनीची, मागचा राहण्याचा डबा दुसऱ्या कंपनीने बांधलेला; पुढे 'उत्पादक' म्हणजे ही दुसरी कंपनी. डब्यावर १२ महिन्यांची साधारण वॉरंटी आणि ढाच्यावर ३६ महिन्यांची. अकराव्या महिन्यात उजव्या बाजूच्या मोठ्या खिडकीखाली भिंत फुगलेली दिसली. फुगवटा अंदाजे ६० सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर उंच होता. नाण्याने हलके ठोकले की तिथे पोकळ आवाज येई आणि शेजारच्या भागात भरीव. उन्हात फुगवटा ठळक दिसे, सकाळी गारव्यात जवळजवळ दिसेनासा होई. म्हणून पहिले फोटो दुपारी, तिरप्या उजेडात, भिंतीला लांब सरळ पट्टी टेकवून काढले. समोरून काढलेल्या फोटोत फुगवटा कधीच कळत नाही आणि दाव्याची फाइल उघडणारा माणूस फोटो पाहूनच पहिले मत बनवतो.

अशा भिंतीत बाहेर फायबरग्लासचा पातळ पत्रा असतो आणि त्यामागे ३ मिलिमीटरच्या आसपास जाडीचे प्लायवूड. मध्ये ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांची चौकट, नळ्यांमधल्या जागेत थर्मोकोल आणि आतून पुन्हा पातळ प्लाय. सगळे चिकटद्रव्य लावून दाबाखाली एकजीव केलेले. पॅनेल हलके आणि ताठ होते, पण त्याची सगळी ताकद थर एकमेकांना धरून राहण्यात असते. पाणी आत गेले की पहिला मार प्लायला बसतो. चिकटद्रव्य अनेकदा शाबूत राहते, प्लायचेच पापुद्रे एकमेकांपासून सुटतात. पुढे उत्पादकाने जी स्वस्त दुरुस्ती देऊ केली ती नेमकी या कारणामुळे नाकारावी लागली.

तारीख आधी, चर्चा नंतर

डीलरने तपासणीसाठी सहा आठवड्यांनंतरची वेळ दिली, म्हणजे साधारण वॉरंटी संपल्यानंतरची. इथे बरेच दावे बुडतात. डीलरला फोन केला होता, त्याने "काळजी करू नका" म्हटले होते, याला पुढे कागदावर काही किंमत राहत नाही. मालकाने त्याच आठवड्यात उत्पादकाच्या वॉरंटी विभागाला आणि डीलरला एकत्र ईमेल पाठवला. त्यात गाडीचा चॅसिस क्रमांक, डब्याचा स्वतंत्र अनुक्रमांक, खरेदीची तारीख, किलोमीटरची नोंद, चार फोटो आणि ही वाक्ये होती : "उजव्या भिंतीला फुगवटा आला असून थर सुटल्याचा आणि आत पाणी शिरल्याचा संशय आहे. ही सूचना वॉरंटीच्या मुदतीत देत आहे. तपासणीची वेळ डीलरने मुदतीनंतरची दिली आहे. त्या विलंबाचा दाव्यावर परिणाम होणार नाही, हे लेखी कळवावे आणि दाव्याचा क्रमांक द्यावा."

क्रमांक मिळाला. तो मिळेपर्यंत दोषाच्या कारणाबद्दल एक शब्दही लिहिला नव्हता, आणि ते योग्यच होते. पहिल्या पत्रात कारणाचा अंदाज बांधला की पुढची सगळी चर्चा त्या अंदाजाभोवती फिरते.

डीलरच्या जॉब कार्डवरचे शब्दही तपासावे लागले. काउंटरवरच्या माणसाने "खिडकीजवळ बाहेरचा रंग खराब" असे लिहिले होते. रंग आणि वरवरचे फिनिश बहुतेक वॉरंट्यांमध्ये वेगळ्या, कमी मुदतीच्या कलमात बसतात. मालकाने सही करण्याआधी ते बदलून "भिंतीला फुगवटा, ठोकल्यावर पोकळ आवाज, आतून ओल" असे लिहून घेतले आणि कार्डाची प्रत घेतली.

डीलरने पहिल्या भेटीत एक नुकसानही केले. खिडकीच्या चौकटीभोवती सिलिकॉन फिरवला आणि तळाशी असलेली पाणी निचरण्याची छिद्रेही बुजवली. खिडकीच्या खालच्या खाचेत साचणारे पाणी या छिद्रांतून बाहेर पडते; ती बंद झाली की पाणी आतल्या बाजूने उतरते. शिवाय एकदा सिलिकॉन लागला की त्यावर दुसरा कोणताही सीलंट (फटी बुजवणारा लेप) नीट धरत नाही, त्याचा अंश खरवडून पूर्ण काढावा लागतो. मालकाने छिद्रे मोकळी करून घेतली आणि आधीचे व नंतरचे फोटो ठेवले. तपासणी होईपर्यंत पाणी आणखी शिरू नये म्हणून संशयित भागावर चिकट डाग न ठेवणारी टेप आणि वरून ताडपत्री, एवढाच तात्पुरता उपाय केला. नुकसान वाढू न देणे ही मालकाची जबाबदारी असते आणि पुरावा न बिघडवणेही त्याच्याच हिताचे. ताडपत्रीने दोन्ही साधते.

नकार

उत्पादकाचे पहिले उत्तर अपेक्षित होते. सीलंटची दर तीन महिन्यांनी तपासणी करणे ही मालकाची जबाबदारी आहे, देखभालीअभावी शिरलेले पाणी वॉरंटीत येत नाही. मोटरहोमच्या बहुतेक वॉरंटी पुस्तिकांमध्ये असे कलम असते आणि ते निरर्थक नाही. छतावरचा सीलंट ऊन आणि हादऱ्यांनी खरोखरच तडकतो.

या उत्तराला "मी देखभाल केली होती" एवढे म्हणून भागत नाही. मालकाकडे डीलरच्याच दोन सर्व्हिस नोंदी होत्या, ज्यांत "सीलंट तपासला, ठीक" अशी खूण होती. त्या जोडल्या, पण भर त्यांच्यावर दिला नाही. विचारले ते असे : पाणी नेमके कुठून शिरले, ते उत्पादकाने शोधले आहे का? सीलंट फाटला असेल तर कशामुळे फाटला? तांत्रिक प्रतिनिधीच्या उपस्थितीत संयुक्त तपासणी कधी करता? नकाराच्या पत्रात कारण शोधल्याचा उल्लेखच नव्हता. कारण न शोधता दिलेला नकार टिकवणे कोणत्याही कंपनीला अवघड जाते, विशेषतः प्रकरण ग्राहक न्यायालयात किंवा लवादापुढे जाण्याची शक्यता असेल तेव्हा.

कायद्याचा आधार देशागणिक बदलतो आणि पत्र कोणाला लिहायचे हे त्यावरून ठरते. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार जबाबदारी विक्रेत्याची असते. पहिल्या ३० दिवसांत वाहन परत करण्याचा हक्क असतो, आणि सहा महिन्यांच्या आत दिसलेला दोष ताबा देतानाच होता असे सहसा धरले जाते. दुरुस्तीची एक संधी देऊनही दोष राहिला तर किंमत कमी करून घेता येते किंवा वाहन नाकारता येते. युरोपीय संघात २०१९ च्या निर्देशानुसार विक्रेत्याचे दायित्व किमान दोन वर्षांचे असते. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा उत्पादकाच्या लेखी वॉरंटीला लागू होतो. तिथले सदोष वाहनांचे कायदे मात्र राज्यागणिक वेगळे आहेत आणि अनेक राज्यांत मोटरहोमचा राहण्याचा भाग त्यांतून वगळलेला आहे. भिंतीची गळती नेमकी त्या वगळलेल्या भागात पडते, त्यामुळे अशा ठिकाणी वॉरंटीच्या अटी बारकाईने वाचण्याला पर्याय नसतो. या प्रकरणात पत्रे सुरुवातीपासून विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही जात होती, म्हणून "ते आमच्याकडे नाही" हे उत्तर कोणालाच फार काळ देता आले नाही.

ओलाव्याचा नकाशा

संयुक्त तपासणीच्या आधी मालकाने पिनांचे मॉइश्चर मीटर (लाकडातला ओलावा टक्क्यांत दाखवणारे उपकरण) घेऊन भिंत आतून मोजली. दर १५ सेंटिमीटरवर खडूची खूण, प्रत्येक खुणेवर वाचन, आणि सगळे आकडे भिंतीच्या रेखाचित्रावर. पिना कपाटांच्या मागे, पलंगाच्या कडेला, जिथे बारीक छिद्रे दिसणार नाहीत तिथे टोचल्या. उघड्या भागावर पिना न टोचता चालणारे मीटर वापरले. त्यात एक काळजी घ्यावी लागते : ॲल्युमिनियमच्या नळीवर हे मीटर खोटे, चढे वाचन दाखवते. म्हणून आधी नळ्यांच्या जागा खुणावल्या.

ढोबळमानाने १५ टक्क्यांपर्यंत काळजी नसते, १५ ते २० मध्ये लक्ष ठेवायचे, २० च्या वर पाणी शिरत असल्याचा संशय धरायचा आणि ३० च्या वर लाकूड बिघडत असल्याची शक्यता मोठी. आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची असते, म्हणून समोरची कोरडी डावी भिंतही त्याच पद्धतीने मोजली. तिथे सगळीकडे १० ते १२. उजवीकडे फुगवट्याच्या भागात ३० च्या वर, फरशीजवळ २६. आणि खिडकीच्या वरच्या कोपऱ्याच्याही २० सेंटिमीटर वर, २४.

या शेवटच्या आकड्याने प्रकरणाची दिशा बदलली. तोपर्यंत डीलर, उत्पादक आणि खरे तर मालकही खिडकीलाच दोषी धरून चालले होते. उत्पादक तर जबाबदारी खिडकी पुरवणाऱ्या कंपनीवर ढकलण्याच्या तयारीत होता. पण पाणी खिडकीतून आत आले असते तर खाली उतरले असते, वीस सेंटिमीटर वर चढले नसते. उगम खिडकीच्या वर होता, आणि तिथे होता ऑनिंगचा, म्हणजे गुंडाळता येणाऱ्या कापडी छताचा, भिंतीवर बसवलेला ब्रॅकेट.

संयुक्त तपासणीत दाब चाचणी केली. छतावरच्या झरोक्यात पंखा बसवून बाहेरची हवा आत ढकलली, बाकीचे झरोके आणि दारे-खिडक्या बंद केल्या, सिंकच्या नळीतल्या वळणात पाणी भरले म्हणजे हवा तिथून निसटणार नाही. मग बाहेरून साबणाचे पाणी फवारले. खिडकीच्या चारही कोपऱ्यांवर काही नाही. ब्रॅकेटच्या वरच्या दोन स्क्रूंभोवती सतत बुडबुडे. पाइपने पाणी मारूनही हे पाहता येते, पण तेव्हा खालून सुरुवात करून हळूहळू वर जायचे आणि प्रत्येक टप्प्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबायचे. वरून सुरुवात केली तर सगळी भिंत भिजते आणि काहीच कळत नाही.

त्यानंतर प्रतिनिधीने स्वतः ते दोन स्क्रू काढले. ते नुसतेच फिरत होते, पकड नव्हती. आट्यांत थर्मोकोलचे कण आणि गंज, ॲल्युमिनियमचा चुरा अजिबात नाही. म्हणजे स्क्रू चौकटीच्या नळीत गेलेच नव्हते, नुसत्या पातळ पत्र्यात आणि थर्मोकोलमध्ये रुतलेले. वाऱ्याने कापडी छत ओढले की ब्रॅकेट किंचित हले आणि हलताना सीलंट फाडे. सीलंट फाटलेला होता, हे उत्पादकाचे म्हणणे खरे निघाले. फक्त तो दर तीन महिन्यांनी नवीन लावला असता तरी फाटलाच असता. मालकाने पुढच्या पत्रात पहिले वाक्य मान्य केले आणि दुसरे फोटोंसह लिहिले. यानंतर देखभालीचा मुद्दा पुन्हा आला नाही.

"दुरुस्त करून देतो"

इथून खरी वाटाघाट सुरू झाली. दुरुस्ती मान्य करून घेणे हे अर्धेच काम असते. ती कोणत्या पद्धतीने, कुठपर्यंत आणि कोणत्या चाचणीने पूर्ण मानायची हे लिहिले नसेल तर मान्यतेला फारसा अर्थ नाही.

उत्पादकाचा पहिला प्रस्ताव : फुगवट्यात बारीक छिद्रे पाडून चिकटद्रव्य सोडायचे, फळीने दाबून ठेवायचे, छिद्रे भरून रंग द्यायचा. थर कोरडेपणी सुटलेले असतील, भाग लहान असेल, प्लाय निरोगी असेल तर ही पद्धत चालते. इथे प्लाय ३० टक्क्यांवर भिजलेला होता. कुजक्या प्लायला चिकटवलेला पत्रा त्या प्लायसकट पुन्हा सुटतो, आणि आत कोंडलेल्या ओलीला बाहेर पडायला वाटही राहत नाही. मालकाने प्रस्ताव नाकारताना एक तपासणी सुचवली : कपाटाआड आतल्या बाजूने ५० मिलिमीटर व्यासाचे एक भोक, दोन्ही पक्षांच्या समोर. प्लायचे पापुद्रे बोटाने वेगळे झाले. वाद तिथेच संपला. असे भोक एकतर्फी पाडू नये; मग तेच "मालकाने केलेले नुकसान" ठरते.

दुसरा प्रस्ताव होता फुगवट्यापुरता चौकोन कापून नवीन तुकडा बसवण्याचा. हाही नाकारला. भिंतीच्या मध्यभागी उभा-आडवा जोड म्हणजे चार नव्या फटी, आणि नकाशाप्रमाणे ओल फुगवट्याच्या बरीच बाहेर गेलेली. शेवटी ठरले ते असे : उजव्या भिंतीचा बाहेरचा पत्रा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण बदलायचा, जोड कोपऱ्याच्या पट्ट्यांखाली झाकायचे. भिजलेला प्लाय आणि थर्मोकोल काढायचा. प्लायच्या जागी लाकूडविरहित, काचतंतूची बॅकिंग शीट वापरायची. उत्पादक ती नव्या गाड्यांत वापरतच होता, त्यामुळे ही मागणी अवाजवी ठरवता आली नाही.

याच्या बदल्यात मालकाने गाडी न वापरता आल्याच्या भरपाईची आणि घसरलेल्या किमतीची मागणी सोडली. हा सौदा बरोबर होता असे आमचे मत. रोख रक्कम छोटी मिळाली असती आणि भिंत अर्धवट राहिली असती. कारखान्यापर्यंत गाडी मालकाने चालवत न्यायची, इंधनाचा खर्च उत्पादकाने द्यायचा, यावर फार चर्चा झाली नाही.

चर्चा झाली ती सहीच्या कागदावर. उत्पादकाने पाठवलेल्या तडजोडपत्रात मालक "गाडीसंबंधीचे सर्व ज्ञात आणि अज्ञात, वर्तमान आणि भविष्यातील दावे" सोडतो असे होते. असा मजकूर कारकुनी वाटतो, पण त्याने इंजिनपासून फ्रिजपर्यंत सगळे संपते. बदललेल्या मसुद्यात मालकाने सोडलेला दावा फक्त उजव्या भिंतीतल्या या दोषापुरता राहिला, आणि तोही अंतिम चाचणी यशस्वी झाल्यावरच. भिंत उघडल्यावर त्याच गळतीने झालेले आणखी नुकसान दिसले तर ते उत्पादकाच्या खर्चाने. दुरुस्तीवर स्वतंत्र २४ महिन्यांची वॉरंटी, नव्या मालकालाही लागू. दोष पुन्हा आला तर मूळ दावा जिवंत. आणि कारखान्यात गाडी असताना आग, चोरी, अपघात यांची जबाबदारी कोणाची, तेही.

कारखान्यात

गाडी देण्याआधी पाण्याच्या टाक्या रिकाम्या केल्या, गॅसच्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद केले, सामान काढले, किलोमीटरच्या मीटरचे आणि प्रत्येक बाजूचे फोटो काढून दोघांनी त्यावर सही केली. करारात काम तीन ठिकाणी थांबवून मालकाला फोटो आणि वाचने पाठवायची अट होती : जुना पत्रा निघाल्यावर, नवीन पत्रा चिकटवण्याआधी, आणि आतले कपाट परत बसवण्याआधी.

पहिल्याच थांब्यावर भिंतीच्या बुडाशी फरशीच्या प्लायची कड ४० सेंटिमीटर लांबीत मऊ झालेली निघाली. टोकदार पेचकस सहज आत जाई. वाढीव नुकसानाचे कलम असल्याने पत्रव्यवहार दोन ईमेलमध्ये संपला. कड कापून नवा प्लाय बसवला, कडांना आधी इपॉक्सी पाजून.

दुसऱ्या थांब्यावर काम अडले. उरलेल्या आतल्या प्लायची वाचने १९ आणि २१ होती आणि कारखान्याला जागा मोकळी करायची घाई. करारात "सर्व ठरलेल्या बिंदूंवर १५ टक्क्यांपेक्षा कमी" असे लिहिलेले होते म्हणून ओलावा खेचणारे यंत्र आणखी आठवडाभर चालले. हा आकडा लिहिलेला नसता तर ओल्या प्लायवर नवा पत्रा चढला असता. ब्रॅकेटमागे, दोन नळ्यांना धरून, ३ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी बसवली आणि ब्रॅकेट तिच्यात मशीन स्क्रूने आवळला. ब्रॅकेटच्या मागे ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी), बाहेरून वरच्या आणि दोन बाजूच्या कडांना सीलंट; खालची कड मुद्दाम मोकळी, चुकून शिरलेले पाणी बाहेर पडावे म्हणून. डाव्या बाजूला ऑनिंग नसल्याने तिकडे प्रश्न नव्हता, पण उजव्या बाजूच्या दुसऱ्या ब्रॅकेटचे स्क्रूही तपासून घेतले. त्यांतला एक नळीच्या काठावरून गेलेला निघाला. तिथेही तशीच पट्टी लागली.

तिसऱ्या थांब्यावर दाब चाचणी पुन्हा झाली, या वेळी सगळ्या डब्याची. बुडबुडे छताच्या एका दिव्याशी आले, भिंतीशी कुठेही नाहीत. दिवा त्याच दिवशी नवीन गॅस्केट घालून बसवला.

ताबा घेताना मालकाने ओलाव्याचा तोच नकाशा, त्याच बिंदूंवर, पुन्हा भरला आणि उत्पादकाच्या माणसाची सही घेतली. नव्या बाजूचे रंगीत पट्टे डाव्या बाजूच्या उन्हाने फिकटलेल्या पट्ट्यांशी जुळत नव्हते. दोन्ही बाजूंना नवे पट्टे लावून मागितले आणि मिळाले. फुगवट्यापेक्षा जास्त ईमेल या पट्ट्यांवर झाले, हेही सांगायला हवे. पुढच्या पावसाळी हंगामानंतर वाचने १० ते १३ च्या दरम्यान होती आणि तो कागद दुरुस्तीच्या फाइलमध्ये, २४ महिन्यांच्या वॉरंटीपत्राच्या मागे लावला आहे.